नेहमीचं ते साधं

तळेगाव दाभाडे,
ता. ५ डिसेंबर १९३४

ती. त्र्यंबकदादांस,

नमस्कार. मी खुशाल आहे. थंडी पडली आहे, शाळा सकाळची आहे, आणि दुसरीतल्या मुली आता मला घाबरेनाशा झाल्या आहेत. तुमचं पत्र मिळालं. वाचून हसू आलं, मग हसल्याचाच राग आला.

तुम्ही लिहिता, "मिस हॉलंडचा प्रश्न मी चुकीचा ऐकला. तू त्या क्षणी काय करते आहेस असं ती विचारते आहे, असं वाटलं. म्हणून स्वयंपाक म्हणालो. एका क्रियापदापायी बहिणीनं घर सोडावं?"

दादा, क्रियापदं मला तुम्हीच शिकवलीत. कपाळ पांढरं होऊन मी लोणावळ्याला तुमच्या घरी आले तेव्हा मी तांदूळ निवडत बसायची, आणि तुम्ही शाळेतल्या मुलांचे पेपर तपासता तपासता सांगायचात, "नेहमीचं ते साधं, आत्ता चाललंय ते अपूर्ण. इंद्रायणी वाहते, हा साधा वर्तमानकाळ. गेणू गाडीत गवत भरतो आहे, हा अपूर्ण." तेव्हा तुमच्याएवढा मोठा माणूस मला जगात दुसरा दिसत नव्हता.

त्या दिवशी चहाचं तबक घेऊन मी दाराआड उभी होते. शेजारच्या लीलाबाईंच्या मुलींना मी इंग्रजी शिकवते हे कानावर गेल्यामुळेच मिस हॉलंड आल्या होत्या. त्यांच्या शाळेला बाई हवी होती. त्यांनी स्वच्छ विचारलं, "व्हॉट डज युवर सिस्टर डू?" तुमची बहीण काय करते? मला वाटलं, आता दादा सांगतील, शिकवते.

तुम्ही म्हणालात, "शी कुक्स फॉर अस."

चुकीचं ऐकलं असतंत, तर उत्तर 'शी इज कुकिंग' असं आलं असतं. मुलांचे गुण तुम्ही यावरच कापता. तुम्ही साधा काळ वापरलात. ती आमच्यासाठी रांधते. काल, आज, सरणावर जाईपर्यंत.

आणि पुढचं वाक्य पत्रात का नाही? "शी नोज नो इंग्लिश." तेही चुकीचं ऐकून बोललात का?

बाई उठून गेल्या. वहिनीनं माझ्या हातातलं तबक काढून घेतलं. "वन्सं, टांगा वळणावर गाठाल. पळा." मी अनवाणी पळाले. टांग्याच्या दांडीला धरून एवढंच म्हणाले, "आय टीच, मिस." माझ्या पिठाच्या हातांकडे त्या पाहतच राहिल्या. भावाच्या मनाविरुद्ध त्याच्याच गावात तुला ठेवणार नाही, म्हणाल्या. पण इथल्या शाळेत त्यांनी शब्द टाकला. म्हणून मी इथे आहे. रुसून नाही.

रजनी माहेरी वडगावला गेली आहे, तू जाऊन तिची समजूत घाल, असं तुम्ही लिहिलं आहे. इतका वेळ मी हे टाळत होते. वहिनी वडगावला नाही. ती माझ्याकडे आहे. परवा भर दुपारी, तोंडात पदराचा बोळा धरून दारात उभी राहिली.

"तबक घेतल्याच्या रागात एकदा हात उठला," असं तुमचं म्हणणं. मी वहिनीला विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "एकदा उठला नाही हो वन्सं. तुम्ही गेल्यापासून उठतो."

हा कोणता काळ, ते मी तुम्हांला सांगायला नको.

रविवारी मामांना घेऊन तिला न्यायला येणार म्हणता. घरमालकीण नंदाबाईंच्या कानावर घातलं. त्या गवऱ्या थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येऊ द्या की. पानी पितील, आन् आल्या वाटंनं जातील. बाई न्हाई म्हनली म्हंजी न्हाई."

तेव्हा येऊ नका. जेवणाचे हाल होत असतील, तर चूल पेटवायला शिका. तुमच्यासारख्या विद्वानाला ते अवघड नाही.

हे सगळं वहिनीला वाचून दाखवलं. कुठे सौम्य करू का, विचारलं. "नको," म्हणाली. खाली तिनं स्वतः नाव घातलं आहे. अक्षर तुम्हांला ओळखू येणार नाही. उजवा हात झोळीत आहे, म्हणून डाव्यानं लिहिलं आहे.

अरुंधती

रजनी