दवाखान्यात पुकारलेलं नाव

माय, कशी आहेस? तुझी कंबर आता बरी आहे का, का तिथंही खाली बसताना भिंत धरतेस? दादांचा दमा काय म्हणतो? थोरल्या चुलतीच्या डोळ्यांवरचा पडदा निघाला का? आणि तुझी ती पांढऱ्या कपाळाची म्हैस, ती तरी सुखात आहे ना? आधी समोरच्याच्या घरची एकेकाची खुशाली विचारावी, मग आपलं गाऱ्हाणं काढावं, हे तूच शिकवलंस. तर आता आमचं ऐक. लेकाची पाठ धरलीय, सूनबाईला पित्त, नातवंडं धडधाकट. तुझे जावई मागेच तिकडं आलेत, त्यांना गोड खाऊ देऊ नको, साखर वाढते त्यांची. राहिले मी. माझ्या काळजाची एक झडप नीट मिटत नाही म्हणे. दाराची चौकट कुजली की कडी घालूनही ते वाऱ्यानं उघडतं, तसलं काहीतरी. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत गेले तरी धाप लागते. ऑपरेशनशिवाय इलाज नाही.

हे मी संभाजीनगरच्या दवाखान्यात खाटेवर बसून लिहितेय. तुझ्या वेळचं औरंगाबाद ते. तू होतीस तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. पुढं लेक पाटी घेऊन बसायचा, त्याच्या शेजारी बसून भाकरी थापता थापता मीही गिरवलं. त्यामुळं अक्षर तिरपं आहे, पण वाचता येतं.

तुला इकडंच आणायचं होतं, आठवतं? तुझ्या पोटात गोळा धरला होता. गेवराईच्या डॉक्टरनं सांगितलं, औरंगाबादला न्या. दादा म्हशीचं दावं सोडायला निघाले तर तू ओसरीवर आडवी बसलीस. "माज्यापायी म्हैस इकू नगा. पोरांचं दूध तुटंल." म्हैस राहिली, तू गेलीस. ते दूध मी पुढं माहेरी कितीदा प्यायले, पण गोड लागलं नाही कधी. आणि बघ माय, माणूस कसं असतं. यंदा लेक म्हणाला, म्हैस आणि कोपऱ्यातलं रान काढू, आई, ऑपरेशन करून घेऊ. तर माझ्या तोंडून अगदी तुझेच शब्द निघाले. लेक तापट, तुझ्यावरच गेलाय. म्हणाला, "आजीनं तसं म्हणून काय कमावलं?" मग तोच गावात चौकशी करून आला, म्हणाला, "काही इकायचं न्हाई. सरकारची योजना हाय. रेशनकार्ड आन् आधार घेऊ, चल."

तर आता असं असतं माय. मोठ्या आजाराचं ऑपरेशन सरकार करून देतं, कार्डावर नाव पाहिजे एवढंच. तुझ्या वेळी असतं तर, हे मी मनात आणायचं नाही ठरवलंय, तरी येतंच. योजनेच्या टेबलावर एक बाई बसते. भली होती. दोन्ही कागद शेजारी ठेवून तिनं चष्मा वर केला. "आजी, रेशनकार्डावर एक बाई आहे, आधारवर दुसरीच. ऑपरेशन नेमकं कुणाचं करायचं?"

मी म्हटलं, "काळीज तर एकच हाय की, बाई. ते इचारा."

ती हसली, पण मंजुरी काही देता येईना.

तुला कळलंच असेल काय झालं ते. तू ठेवलेलं नाव नेमकं माझ्या सासूचंही होतं. सासूच्या नावानं सुनेला हाक कशी मारायची? म्हणून लग्नातच साखर वाटून माझं दुसरं ठेवलं. रेशनकार्डावर तेच चढलं. आधारचं मशीन गावच्या शाळेत आलं तेव्हा तुझे जावई झेरॉक्स काढायला गेले होते. समोरच्या माणसानं मलाच विचारलं, "आजी, नाव?" सगळ्या जन्मात माझं नाव मला कुणी विचारलं नव्हतं. सासरा सांगायचा, नाहीतर हे सांगायचे. विचारल्यावर जे पहिलं आलं ते बोलून गेले, आणि आलं ते तू ठेवलेलं. रेशनच्या दुकानात अंगठा जुळायचा, धान्य मिळायचं, कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या पंचमीला माहेरी आले होते. तू चुलीपुढं भाकऱ्या करत होतीस, आतून मला हाक मारलीस. मी अंगणात बांगड्या मिरवत उभी. नवरीचा तोरा. म्हटलं, "माय, माजं नाव आता ते न्हाई." तू तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर आलीस. हात पिठाचे. "सासरी कायबी नाव घाल," म्हणालीस, "पर हाक मारली की ओ द्यायाची. ओ न देनारी पोर म्या जल्माला घातली न्हाई." ती भाकरी करपली. तीच मला वाढलीस, वर लोण्याचा गोळा ठेवून. रागही तुझाच, लोणीही तुझंच.

दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करायला गेवराईला तहसीलात गेलो. दोन्ही नावं ठाऊक असलेलं माणूस पाहिजे म्हणाले. तसं कोण उरलंय? लेकानं तलवाड्याहून माझी मैत्रीण आणली, आपल्या शेजारची, गावातल्या गावात दिलेली. काठी टेकत आली आणि आल्या आल्या तोंड सोडलं.

"कावून गं सटवे, मरायला टेकलीस तवा आठवन आली व्हय माजी?"

कारकुनानं तिला विचारलं, यांना कधीपासून ओळखता?

"दात पडायच्या आदीपासून. आमच्या बोरीची बोरं खाऊन बिया आमच्याच अंगनात टाकायची. असली चोरटी तलवाड्यात दुसरी न्हाई."

"आजी, चोरीचं नको, नावाचं सांगा."

"नावाचंच सांगतिया की! हिची माय चुलीपसून हाक मारायची ती आमच्या घरात ऐकू यायची. आन् ही बया बोरीखाली गप. ओ द्यायची न्हाई. मंग माजी माय वरडायची, जा गं, दे तिला लावून." आणि तिनं तुझं नाव घेतलं, माझं नाव घेतलं, सासरचंही सांगितलं. कारकून लिहीत राहिला. अंगठा दिल्यावर म्हणाली, "च्या पाज आता. बिस्कुट नगं, दात न्हाईत."

मंजुरी आली. पण थकले गं माय. ऑपरेशन सरकार करतं, ते खरं, त्याचे उपकार विसरायचे नाहीत. पण त्याच्या आधीच्या तपासण्या, जीपभाडं, बाहेरून आणायची औषधं, सुनेचा बुडालेला रोजगार, हे सगळं पदराचंच. लेक जिन्याखाली पेपर टाकून झोपतो. या टेबलावरून त्या टेबलावर जाताना वाटायचं, आजार परवडला, पण हे हेलपाटे नकोत. तू ओसरीवर आडवी बसलीस ती म्हशीपायीच, का तूही आतून अशीच थकली होतीस? हे विचारायचं राहून गेलं.

काल काळजाचं चित्र काढतात त्या खोलीपुढं बसले होते. सिस्टरनं दारातून नाव पुकारलं. परत पुकारलं. मी शेजारणीला म्हटलं, "कोन बाई हाय गं, ओबी देत न्हाई?" सिस्टरनं तिसऱ्यांदा पुकारलं आणि मग पुढच्या बाईला आत घेऊन गेली. तेवढ्यात सूनबाई औषधं घेऊन धावत आली, "आत्या, आवं तुमालाच बोलावत्यात!"

सुनेला मी सांगितलं, मला कमी ऐकू येतं. तुला खरं सांगते. पहिल्या दोन हाकांना खरंच उमगलं नाही. तिसऱ्या हाकेला उमगलं होतं. पुकारलं ते आधारवरचं, तू ठेवलेलं नाव. तहसीलात ते नुसतं सांगितलं गेलं होतं. हाक म्हणून तू गेल्यापासून कुणी मारली नव्हती. वाटलं, अजून एकदा येऊ दे. म्हणून बसून राहिले.

परवा ऑपरेशन आहे. हे पत्र टाकायला पेटी नाही, घडी करून लुगड्याच्या पिशवीत ठेवते. सिस्टरनं पुकारलं की आता पहिल्या हाकेला ओ देईन. तू सगळ्यांची खुशाली कळव, पाकिटावर तूच ठेवलेलं नाव घाल, या वॉर्डात मी त्याच नावाची आहे. पत्र लवकर लिही माय. हाक मात्र एवढ्यात मारू नको.