मधल्या मापाचा माउथपीस

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, पितळी वाद्ये दुरुस्त करण्याचा बाबांचा धंदा चालवणारी, ही माझी शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. अशा कागदात 'मन स्थिर आहे' असे लिहायची रीत आहे. शुद्ध स्थिर आहे, हे डॉक्टरीणबाईंनी तपासले आहे. मनाची हमी मी देऊ शकत नाही. हात स्थिर नाही, ते अक्षरावरून दिसेलच.

१. दुकान आणि त्यामागच्या दोन खोल्या वहिनीला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नीला, तिच्या एकटीच्या नावे. दादाचे नि माझे बोलणे तुटल्यावरही ती मागच्या दाराने डबा घेऊन येत राहिली. "तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये ओढू नका," असे म्हणायची आणि डबा ठेवून जायची. दादाला हे ठाऊक नव्हते, आता कळेल. त्याने तिला बोल लावू नये.

२. बँकेतल्या शिलकीतून आधी औषधांची उधारी आणि माझे अंत्यविधी उरकावेत. उरले तर तेही वहिनीचे.

३. कपाटातले सुटे माउथपीस बँडमास्तरांना. भंगारवाल्याला एकही देऊ नये. त्याला सगळे पितळ सारखेच. खणांवर दांड्यांची, म्हणजे माउथपीसच्या वाद्यात शिरणाऱ्या टोकांची, मापे लिहिली आहेत. ट्रंपेटचा दांडा कर्नेटमध्ये शिरत नाही आणि कर्नेटचा ट्रंपेटमध्ये नको तितका आत जाऊन डुगडुगतो. बसवल्यावर हलवून पाहावे. हलला, तर तो त्या वाद्याचा नव्हे.

४. यात न मोडणारा एकच माउथपीस आहे, बाबांच्या युफोनियमचा, म्हणजे त्यांच्या मांडीवर घेऊन वाजवायच्या मोठ्या पितळी वाद्याचा. ते जुन्या घडणीचे असल्याने त्याला ना बारीक दांडा चालतो ना जाड. मधल्या मापाचा लागतो, आणि तो आता बाजारात मिळत नाही. बाबांनी जाताना युफोनियम दादाला दिले आणि माउथपीस मला. "आता एकमेकांशिवाय तुमचं पान हलणार नाही," म्हणून हसले होते. या वाटणीचा मी पुष्कळ विचार केला आहे. दोन्ही वस्तू एकाला द्यायला हव्या होत्या, असे वाटते. पण मग दुसरा रुसला असताच.

दादाचे म्हणणे, तिने आपणहून आणून द्यावा. माझे म्हणणे, त्याने मागावा. दोघांचे निरोप वहिनीकडे पडून राहिले.

माझा आजार कळल्यावर, गेल्या महिन्यात, दादा युफोनियम घेऊन आला. मी माउथपीस पुसून दिला. त्याने घातला, तर तो सरळ आत गेला आणि लुळा पडला.

"हे काय?"

"माउथपीस शिरतो ते तोंड मोठं करून घेतलं मी. जाड दांडा बसेल असं."

"कोणाकडून?"

"होता एक. तुझ्याइतका शहाणा नव्हता."

"बाबांचं युफोनियम कापलंस, दादा?"

"मग काय, आयुष्यभर तुझ्या दाराशी उभा राहू?"

"एकदा राहिला असतास तरी चाललं असतं."

"एकदा आणून दिला असतास तरी चाललं असतं, बाईसाहेब."

मग त्याने खिशातला कागद काढून दांड्याला गुंडाळला, लहानपणी गुंडाळून बाबांचा मार खायचा तसा, आणि माझ्याकडे पाहिले. मला हसू आले नाही. त्यालाही नाही. कापलेले पितळ परत वाढत नाही.

तो तोंड धुवायला आत गेला, तेवढ्यात मी कॅलिपरने युफोनियमचे ते नवे तोंड मोजून घेतले. त्या मापाने लेथवर एक पातळ पितळी बुश, म्हणजे नळीसारखे वेष्टण, केला आहे. तो दांड्यावर चढवला की मधल्या मापाचा दांडा जाड होतो. हात थरथरत असल्याने आधीचे काही वाया गेले. हा त्यातल्या त्यात बरा आहे. माउथपीस आणि बुश, दोन्ही एकत्र, दादाला. अट काही नाही. हे मी मायेने देते की शेवटचा शब्द आपला असावा म्हणून, ते मला ठरवता आलेले नाही. दोन्ही असेल.

शेजारच्या शिंपीकाकांनी आत्ताच विचारले, "अगं, आजच बोलावून बसवून बघ की. दोन गल्ल्या पलीकडे तर राहतो."

मी म्हटले, "काका, तुम्ही सही करा."

खरे उत्तर इथे लिहिते. तो बुश डुगडुगला, तर ते मला माझ्या डोळ्यांनी पाहायचे नाही.

५. माझ्यामागे दारात कोणी काही वाजवू नये. दादाने बुश घरी नेऊन बसवून पाहावा. हलला, तर चूक मापाची नव्हे, हाताची समजावी, आणि कागद गुंडाळू नये. बसला, तर एक लांब सूर वहिनीला ऐकवावा. आमचे निरोप तिच्याकडेच राहायचे. हाही राहू दे.

ठिकाण: दुकान, लेथशेजारचे टेबल
दिनांक: १९ नोव्हेंबर

सही (दुकानाची मालकीण)

साक्षीदार १: सही (डॉक्टरीणबाई). लिहिणारी पूर्ण शुद्धीवर आहे.

साक्षीदार २: सही (शिंपी, शेजारचे दुकान). माझ्यासमोर सही झाली. बोलावून घे, हे मी पुन्हा सांगितले. तिने मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळले नाही.