डेव्हियन लेडबेटरचा रिपोर्ट

६ जानेवारी
सू फॉल्स. बाहेर उणे नऊ. क्लबने दोन आठवड्यांसाठी पाठवलंय. इथल्या छोट्या बास्केटबॉल लीगमधले दोन तरुण पॉइंट गार्ड, म्हणजे पास देऊन खेळ रचणारे, बघायचे, एकाची शिफारस करायची. आमच्या प्रमुख डनीसबाई फोनवर म्हणाल्या, "लॉइड, मागचे तिघे तुम्हीच निवडले होते. आठवतात ना?" आठवतात. तिघांचं नशीब वाईट. माझ्या नजरेचा दोष नाही.
"या वेळी चुकलात तर पुढच्या सीझनला घरीच बसा," असंही म्हणाल्या. गमतीत असावं.
संकल्प: खेळाडूंशी बोलायचं नाही. दुरून बघायचं.

७ जानेवारी
पहिली मॅच. एस्पिनोझा: एकही चूक नाही. म्हणजे कल्पकता नाही. डेव्हियन लेडबेटर, वय बावीस: बघतो डावीकडे, पास देतो उजवीकडे. अंगावर काटा आला. सहा वेळा चेंडू गमावला, पण सहाही पास अचूक होते. घेणारे जागेवर नव्हते.
निर्णय झाला. उरलेले दिवस निव्वळ फॉरमॅलिटी.

९ जानेवारी
हॉटेलसमोरच्या डायनरमध्ये जेवत होतो. लेडबेटर आत आला, माझ्या टेबलाशी थांबला. "बसू का, सर?" संकल्प मोडला नाही. आधी तो बोलला. मी फक्त उत्तर दिलं. दोन तास.

१२ जानेवारी
सलग चौथ्या दिवशी एकत्र जेवण. स्वभाव पारखणं हा कामाचाच भाग. त्याला मारियनबद्दल सांगितलं. आमचा घटस्फोट दोघांच्या संमतीने झाला, तिची जरा जास्त होती. पोरगा हसला नाही. समजूतदार आहे.
मॅच: त्याच्या आठ चुका. हॉलमध्ये फार गारठा होता.

१४ जानेवारी
डनीसबाईंचा फोन. "अहो, त्या लेडबेटरचे आकडे बघितलेत का?" म्हणालो, आकड्यांना डोळे नसतात. "डोळे असलेल्यांनीच गेल्या वर्षी..." फोन कट झाला. मीच केला.

१५ जानेवारी
लेडबेटरला चारच मिनिटं उतरवलं. कोचला जाऊन समजावलं, असा खेळाडू बसवून ठेवतात का? कोच म्हणाला, "आजोबा, मग तुम्हीच चड्डी घालून उतरा." विनोदी माणूस. खेळातलं काही कळत नाही.

१७ जानेवारी
रिपोर्ट पाठवला. अकरा पानं. "दहा वर्षांतला सर्वोत्तम."
आमच्या शहरात आला की सुरुवातीला कुठे राहील? माझी मागची खोली रिकामीच आहे. रंग कुठला आवडतो, विचारायला हवं.

१८ जानेवारी
डनीसबाईंचा मेसेज. एस्पिनोझाला आठवड्यापूर्वीच घेतलं, व्हिडिओ बघून. माझा रिपोर्ट अजून कुणी उघडलेला नाही. "परत आलात की बोलू."
ठीक. पोरावर दडपण तरी येणार नाही.

१९ जानेवारी, दुपार
लेडबेटर डायनरमध्ये आला. अंगात जाड कोट, हातात बॅग. बसला नाही. "सर, खेळ सोडतोय. टोलेडोला अग्निशमन दलात नोकरी लागलीय. आईच्या घराजवळच."
कधी ठरलं, विचारलं.
"नाताळातच. तीन-चार आठवडे काढायचे होते फक्त."
मग माझ्याबरोबर रोज जेवायला का यायचास? मला वाटलं, रिपोर्टसाठी.
खाली बघत म्हणाला, "तुम्ही रोज एकटेच बसायचात, सर. बघवत नव्हतं."
मी हसलो. म्हणालो, अरे वेड्या, या गावात माझी पुष्कळ ओळख आहे, सगळे जीव लावतात. त्याला बरं वाटलं. हात मिळवला, मग एकदम मिठीच मारली, आणि गेला. काचेतून बस दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. खोलीच्या रंगाचं विचारायचं राहिलं.
वेट्रेस आली. दहा दिवस तीच वाढतेय. म्हणाली, "काय देऊ, साहेब? पहिल्यांदाच आलात का आमच्याकडे?"
हो म्हणालो.
तिने सगळा मेन्यू समजावून सांगितला. मी शेवटच्या पदार्थापर्यंत ऐकत राहिलो.