घंटेचा खिळा

बाळेगद्दे, शिरसीजवळ
कार्तिक वद्य पंचमी

चि. परमू यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? सुमंगलेची साखर आटोक्यात आहे ना? श्रीलताचं पोट आता दिसू लागलं असेल. तिला म्हणावं, आत्यानं कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं भरून ठेवलंय. माझं म्हणशील तर खोड जुनं, पण मुळं घट्ट. फोन केला की ‘अक्का, मग बोलतो’ म्हणतोस. पत्राला ‘मग’ नसतं, म्हणून लिहितेय.

आपली देवराई आता संरक्षित वन झाली. अघनाशिनीच्या काठानं पायवाटा केल्यात, ओहोळावर लाकडी साकव घातलाय. परवा आपल्या बागेत कामाला येणाऱ्या गंगे गौडतीला घेऊन फिरून आले. अर्ध्यातच तिला धाप लागली. म्हणते, “अम्मा, जन्मभर ह्याच वाटेनं नदीवर गेले, तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. आता लोक मुद्दाम दमायला येणार!”

शिसवीच्या बुडख्यापाशी मात्र माझं हसू आटलं. तिथं नवी पाटी आहे: ‘राखणदाराच्या संगनमताने तोडलेला वृक्ष.’

“काय लिहिलंय, अम्मा?” गंगेनं विचारलं.

“झाडाचं वय,” म्हटलं.

तू टाकून दिलेल्या पुस्तकांवरच अक्षरं शिकले रे मी. त्या दिवशी वाटलं, अडाणी राहिले असते तर बरं.

राखणदार म्हणजे तुझे भावजी. झाड पडलं तेव्हा तूच आम्हाला बंगळुरात आग्रहानं ठेवून घेतलं होतंस. “भावजी, राहा आणखी. देवराई काय पळून जातेय?” गाव म्हणालं, मंजय्या मुद्दामच गेला. देवीच्या प्रसादाचं पहिलं पान राखणदाराचं. ते बंद झालं. त्यानंतर उत्सवाच्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून जेवायचे. तसेच गेले.

श्रीलताच्या लग्नात तुझ्या झोपाळ्यावर बसले. पाट एकसंध शिसवीचा, काय त्याची चकाकी! आधाराला कडेखाली हात घातला, तर बोटाला लोखंड लागलं. त्या शिसवीला देवीची घंटा टांगलेली असायची, तिचाच खिळा. डोक्यावर दोन खाचा, तुझ्या भावजींनी पाडलेल्या. करवतवाले आपल्याकडचेच ना. देवाला वाहिलेला खिळा ते उपटत नाहीत, लाकडात तसाच राखतात. मांडवात पोरगी उभी होती म्हणून गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे विसरणं नव्हे, बाळा.

आता वाटांचं उद्घाटन तुझ्या हातून आहे. तुझं नाव मीच सुचवलं. सगळे खूश: “अम्मा, तुमचा भाऊ म्हणजे मोठा माणूस!”

रीत तुला ठाऊकच आहे. पहिला आत जाणारा अनवाणी येतो, वेशीच्या दगडावर हात ठेवून मोठ्यानं म्हणतो, ‘आई, तुझ्या रानातली काडी माझ्या घरात नाही.’ सगळा गाव ऐकायला असेल. मी ती घंटा घेऊन शेजारीच उभी राहीन. तोडणाऱ्यांनी ती बुडख्यापाशी ठेवली होती. तुझ्यापेक्षा त्यांना देवीची भीड जास्त.

खरं बोललास, तर पाटी त्याच दिवशी उतरेल आणि पहिलं पान तुझ्या हातानं भावजींच्या नावानं वाढशील. खोटं बोललास, तर झोपाळ्याखाली हात घालायला पंच माझ्याबरोबर येतील. आलाच नाहीस, तर गावाला मी समजावून सांगेन. तिन्ही वाटा झाडून ठेवल्यात. आवडेल ती धर.

तुला आवडतात तसे गुळाचे तोडदेव करीन, अगदी पापुद्र्यासारखे. उत्तर लवकर धाड. पानं किती मांडायची ते ठरवायचंय.

राखणदार मंजय्याची बायको,
तुझी अक्का