सायकलीचं मूळ शोधू नये

टॉडमॉर्डन,
१४ मार्च १९९८

प्रिय ग्वेनताईस,

धाकट्या आर्नल्डचा नमस्कार. तुझा खोकला गेला का? क्लिफर्डभावोजींच्या कमरेला तिकडची समुद्राची हवा मानवते का? (मानवत नसेल तर कळवायची घाई नको. त्यांचं मागचं पाच पानी पत्र कमरेवरच होतं, ते अजून संपायचंय.) इकडे आम्ही दोघं ठीक. आईचा दिवस चहा आणि माझ्या चुका यांत छान जातो.

तर बाबांची सायकल. सायकल क्लबच्या खोलीत बाबांच्या नावाची पितळी पाटी लागणार, ‘पंचवीस मैल, एक तास चार मिनिटं, १९५३’ असं तीवर कोरलेलं असणार आणि पडदा तू सारणार, हे तुला ठाऊकच आहे. पाटीखाली सायकल टांगायची. चिटणीस रॅम्सडेन यांनी माझ्याकडे फक्त एक ओळ मागितली: सायकल बांधली कोणी? त्या एका ओळीने माझे चार महिने खाल्ले.

बाबांनी ती घराच्या दाराला उरलेल्या काळ्या रंगाने ब्रशने रंगवलेली, त्यामुळे नाव-गाव काही नाही. पायडल बसतात त्या नळीच्या पोटाशी तेवढा एक आकडा ठोकलेला. मी जुन्या सायकलींच्या मंडळाला पत्र टाकलं. तिथल्या दोन जाणकारांपैकी क्रॅबट्री म्हणाले, आकडा सहाशे एकसष्ट, म्हणजे सायकल एकसष्ट सालची, म्हणजे त्रेपन्नची शर्यत हिच्यावर केली म्हणताना तुमचे वडील खोटं बोलत होते. दुसरे, एंटविसल, म्हणाले की क्रॅबट्री सायकलच्या चुकीच्या बाजूला उभे आहेत. उलट बाजूने वाचा, सहाचे नऊ होतात, एकशे नव्व्याण्णव. दोघं माझ्या अंगणात आले, सायकल उताणी पाडली, आणि तिच्या दोन बाजूंना पालथे पडून दीड तास एकमेकांचं अज्ञान मोजत राहिले. आईने दोनदा चहा नेला. जाताना ते वेगवेगळ्या बसने गेले. त्यांची तीस वर्षांची मैत्री होती असं नंतर कळलं. (मला वाईट वाटलं. पण आकडा काही मी ठोकला नव्हता.)

नळ्यांच्या सांध्यांवरची नक्षी पाहून मात्र दोघांचं एकमत होतं: काम हॅलिफॅक्सच्या एझ्रा पिकर्सगिलचं. तो स्वतः नळ्या कापून, पितळ वितळवून, वर्षाला जेमतेम तीस सायकली बांधायचा. तो गेला, पण त्याची मुलगी म्युरिएल ब्रिगहाउसला असते आणि बापाची मागण्यांची वही बिस्किटांच्या डब्यात ठेवते. मी सायकल घेऊन तिच्याकडे गेलो. तिने वही उघडली, एकशे नव्व्याण्णववर बोट ठेवलं आणि माझ्या पायांकडे बघितलं. मग सायकलकडे बघितलं. वहीत लिहिलं होतं: कुमारी वेरा लम्ब, मापाने आखूड, रंग फिका जांभळा.

मी नखाने काळा रंग खरवडला. ताई, खाली जांभळा होता.

बाबा सहा फूट एक इंच. आपण लहानपणी पाहायचो ना, चालवताना त्यांचे गुडघे कोपरांवर आपटायचे? ‘शर्यतीची बैठक अशीच असते’ म्हणायचे. जन्मभर गुडघे दुखले, त्याला आपण शर्यतीतली जखम समजून शेक दिला.

वेराबाई म्युरिएलच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडेच राहतात. वय सदुसष्ट, हाताची पकड लोहाराची. सायकल पाहताच त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली, जरा फिरवून आणते म्हणाल्या, आणि टेकडी चढून चाळीस मिनिटांनी परत आल्या. धाप मला लागली होती, काळजीने.

मग मला बसवून त्यांनी सांगितलं. त्या शर्यतीत एकेका मिनिटाने एकेकाला सोडत होते. बाबा त्यांच्या एक मिनिट आधी सुटले. अर्ध्यावर वेराबाईंनी त्यांना गाठलं आणि मागे टाकलं, ते मागेच राहिले. वेराबाईंचा वेळ एक तास आठ मिनिटं. (मी मनातल्या मनात हिशेब केला. तूही करून बघ, सावकाश, पाणी जवळ ठेवून.) तरी फळ्यावर बाबांच्या नावापुढे एक तास चार.

“मी बोलणार होते,” वेराबाई म्हणाल्या, “पण तुझा बाप त्या फळ्याकडे असा बघत होता की म्हटलं, असू दे आज याला. फळ्याचं काहीही असो, पाठ कुणाची दिसली हे त्याला माहीत होतं. म्हणून तर तीन महिने दर रविवारी येऊन सायकल मागत होता. त्याला वाटलं, वेग सायकलीत आहे.”

फळ्यावर वेळ कोण लिहायचं, असं मी सहज विचारलं. बेकरीत कामाला असलेली एक मुलगी, त्या म्हणाल्या, हिल्डा नाव होतं बहुतेक. आपल्या गावात बेकरीतल्या हिल्डा किती होत्या, हे मी तुला सांगायला नको. मी चहा संपवला, आभार मानले आणि बसने घरी आलो.

भावोजींना नमस्कार. खोकल्यावर मध घे.

तुझा भाऊ,
आर्नल्ड

ता. क. बसने आलो, कारण सायकल वेराबाईंनाच देऊन टाकली. तिच्यावर बसलेल्या त्या इतक्या नीट दिसत होत्या की परत मागवेना. तेव्हा पाटीखाली टांगायला भावोजींची सायकल, जिच्यावर ते १९७४ पासून बसलेले नाहीत, गुरुवारपर्यंत रेल्वेने पाठव. काळा रंग माझ्याकडे आहे.

पुन्हा ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी राहवेना, म्हणून आईला त्या फळ्याबद्दल विचारलंच. ती विणत होती. मान वर न करता म्हणाली, पाऊस होता, खडू ओला झाला होता, चौदातला एक उमटला नाही. एक ओळ विणून झाल्यावर म्हणाली, “सगळ्यांत शेवटी आला तो, आर्नल्ड. कुणी टाळीही वाजवली नाही. मला वाटलं, हा माणूस पुढच्या रविवारी पुन्हा यायला हवा.”