उरलेली सेहेचाळीस काडतुसं

१० ऑक्टोबर १९८७, शनिवार

गार्थचा अंगठा गेला. तर्जनीही. माझ्या डोळ्यांदेखत!

क्लबचा नेमबाजीचा सामना चालू होता. गार्थ, माझा मेव्हणा, पहिल्याच रांगेत, हातात त्याचं लाडकं रिव्हॉल्व्हर. तीन बार नीट गेले. चौथ्याला रिव्हॉल्व्हरच फुटलं. वरची पट्टी उडाली ती गालात रुतली. पंजाच्या जागी नुसत्या लाल चिंध्या. आधी तो त्याकडे बघतच राहिला — मग माझ्याकडे वळून माझ्या नावाने ओरडला, "वेल्डन! तुझी काडतुसं!"

माझीच. पन्नासांचा डबा गेल्या रविवारी मीच भरून दिला होता.

हेलिकॉप्टरने बॉइझीच्या इस्पितळात नेलंय.

११ ऑक्टोबर

एका काडतुसाच्या पुंगळीत दोनदा बारूद पडली असणार — सगळे हेच म्हणतात. बावीस वर्षं क्लबची काडतुसं भरतोय. प्रत्येक माप तराजूवर घालून. चूक म्हणून नाही. नव्हती.

१२ ऑक्टोबर

गॅरेजात डेल आला, गार्थचा भाऊ. आल्या आल्या तोंडावर ठोसा. खाली पडलो तर बुटाने बरगड्यांवर. "माझ्या भावाचा हात खाल्लास, म्हाताऱ्या! आता तुझा दे!" माझा उजवा पंजा टेबलावरच्या शेगड्यात, लोखंडी पकडीत, घालून आवळला. करंगळी मोडली, आवाज ऐकला मी. दोन दात गेले. उलटा हात उचलला नाही. त्याचं बरोबरच आहे, असं वाटत होतं.

१३ ऑक्टोबर

राहवेना. क्लबमधून डबा आणला, त्यात उरलेली सेहेचाळीसच्या सेहेचाळीस उघडली. गोळी काढायची, बारूद पारड्यात ओतायची. डाव्या हाताने, सकाळपासून. सगळी सारखी! काटा केसभर हलला नाही.

बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मग ते एकच असं कसं?

१४ ऑक्टोबर

आयलीन आली — माझी बहीण, गार्थची बायको. मफलर काढला. गळ्यावर बोटांचे वण, पिवळे पडत आलेले.

"सगळी उघडलीस?"

"हो."

"नकोस शोधू. तुझं काही चुकलं नाही. ते एक मी भरलं."

काडतुसं भरायला आम्हा दोघांनाही बाबांनीच शिकवलेलं. तिने डब्यातलं एक काडतूस उघडलं, दुप्पट बारूद घातली, गोळी परत बसवली. पाच मिनिटांचं काम.

"जेवायला उशीर झाला की रिव्हॉल्व्हर माझ्या तोंडात घालायचा, वेल्डन. घोडा ओढून. मागच्या आठवड्यात म्हणाला, पुढच्या वेळी लिंडीच्या तोंडात."

लिंडी, त्यांची मुलगी, नऊ वर्षांची आहे.

"अगं, रांगेत शेजारी उभा असलेला कोणी मेला असता तर?"

"माहीत आहे," म्हणाली. रडली नाही. "उद्या शेरीफकडे जाते. सांगून टाकते."

"उद्याचं उद्या," म्हटलं. कॉफी ठेवली. रात्री ती इथेच झोपली.

१५ ऑक्टोबर

ती उठायच्या आत शेरीफच्या कचेरीत जाऊन आलो. लिहून दिलं — बारूद दोनदा पडली, माझ्याच हातून. डाव्या हाताने सही केली.