पाचवीचा कागद

९ जानेवारी १९७४
सकाळी आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या शिपायाने, धोंडीरामने सांगितलं, कारखान्याच्या ऊसतोडीला आलेल्या बीडकडच्या टोळीत काल एक बाई बाळंत झाली. तोडलेल्या उसाच्या सडात, गाडीच्या आडोशाला. मी निघाले तर म्हणतो, "आवं बाई, टोळीतलं माणूस हाय त्ये. आपल्या वहीत बसत न्हाई." खरं आहे. गावच्या बाळंतिणीकडे नर्स म्हणून माझ्या पाच फेऱ्या ठरलेल्या. हिच्याकडे एकही नाही, कारण ही कुठल्याच गावची नाही. तरी गेले.
सुंदरा नाव. विशीची असेल-नसेल. मुलगी झाली. नाळ गयाबाईने कापली, टोळीतली म्हातारी सुईण. कशाने, ते विचारलं. उसाच्या कोयत्याने. धुतला होता म्हणे. कालव्याच्या पाण्यात!

११ जाने.
सुंदराला ताप १०३. अंगावरून जातं त्याला घाण वास. पेनिसिलीन दिलं, पण एका सुईचं काम नाही हे. आमचे डॉ. रजेवर. सांगलीच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहिली, 'तातडीने दाखल करावे'. नवरा भगवान, त्याच्या हातात दिली. दोनदा बजावलं, "उद्या पहिली एस.टी. धरा. चिठ्ठी जपून ठेवा, हिच्याशिवाय तिथं कुणी विचारणार नाही." मान हलवत म्हणाला, "व्हय बाई."

१२ जाने.
लस टोचायचा दिवस. गर्दी. आज ती सांगलीत पोचली असेल. जरा मोकळं वाटलं. वाईहून आईचं पत्र, बदली मागून घे, लग्नाचं बघ. नेहमीचंच.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ घेऊन सहज त्यांच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीवर गेले, बाळ कुणाकडे ठेवलंय बघावं म्हणून. सुंदरा कोपीतच! पाचटावर पडलेली, अंग भट्टीसारखं. बाळाला कौसा पाजत होती, तिची जाऊ.
चिठ्ठी कुठंय? भगवान गयाबाईकडे बघतो, गयाबाई जमिनीकडे. मग तिनेच सांगितलं.
"परवा पाचवी व्हती. ती झाल्याबिगर बाळंतिणीला कसं हलवायचं? सटवाई लेकराचं नशीब लिवायला येती, तिला कागद लागतो. टोळीत दुसरा कागद कुटला? तुमचा मागनं कोरा व्हता. तुमीच म्हनला, जपून ठेवायचा कागद हाय. म्हनून त्योच ठिवला पुजंत."
"मग?"
"देवीनं लिवलेला कागद दवाखान्यात कसा द्यायचा, बाई? पूजेसंगं कालव्यात सोडला."
आणि चिठ्ठीशिवाय कुणी विचारणार नाही, म्हणून गेलेच नाहीत.
मी ओरडले. फार वाईट बोलले गयाबाईला.
बैलगाडीने सडकेपर्यंत, मग एस.टी. सुंदराचं डोकं माझ्या मांडीवर. दवाखान्यात कारकुनाने विचारलं, राहणार कुठल्या? भगवानने शेताच्या मालकाचं नाव सांगितलं. मी उपकेंद्राचा पत्ता घातला. दाखल केली.
चिठ्ठी कुणीही मागितली नाही.

१५ जाने.
कुणीही मागितली नाही. मी का म्हणाले तसं? नर्सबाईचा शब्द जरा जड वाटावा म्हणून. दुसरं कारण सापडत नाही.

१९ जाने.
भगवान फडात ऊस तोडताना दिसला. हा तर सांगलीत हवा होता!
"तिच्यापाशी कोण आहे?"
"कुनी न्हाई. मुकादमानं बोलवून घेतलं. कोयता म्हंजी नवरा-बायकूची जोडी असती बाई. ती न्हाई, मी बी न्हाई, मंग टोळीतनं काडत्यात."
"कशी आहे?"
"मी निगालो तवा वळखत नव्हती."
मोळ्या बांधायला आता कौसा आहे, तिचा नवरा आणि भगवान, दोघांच्या मागे. पोर बांधावर झोळीत.

२३ जाने.
दोन दिवस कुटुंबनियोजनाच्या शिबिरात अडकले. आज गेले तर कोप्या नाहीत. फड संपला, टोळी हलली. चुलीची राख, पाचट, फाटक्या लुगड्याचं एक दुपटं. धोंडीराम म्हणतो कराडकडं गेली, दुकानदार म्हणतो कृष्णेपलीकडं. कारखान्यात विचारलं तर, "कोनती टोळी? लय हाईत." वॉर्डच्या सिस्टरना कार्ड टाकलं. आपण स्वतः जायला हवं होतं ना? रजा नाही म्हणे. मागितली तरी कुठं होती.

२ फेब्रु.
कार्डाचं उत्तर. एक ओळ. 'सदर बाई वॉर्डात नाही.'
घरी गेली की गेली? एक शब्द जास्त लिहायला काय जात होतं. पुन्हा कार्ड टाकलं.

४ फेब्रु.
जेवण गेलं नाही. कुणावर चिडू? गयाबाईने तरी पोरीचं बरं व्हावं म्हणूनच केलं.

१० फेब्रु.
दुसऱ्या कार्डाला उत्तर नाही. पुढच्या रविवारी सांगलीला जाऊन येणार. जायची भीती वाटते.
कालव्याच्या वरच्या अंगाला नवी टोळी उतरलीय. पाच दिवसांची बाळंतीण, ताप नाही, आज पाचवी. चिठ्ठी लागली नाही, पण लिहून दिली. बजावलं, "हरवली तरी दवाखान्यात जायचं, माझं नाव सांगायचं." आणि पूजेसाठी वेगळा कोरा कागद दिला. उपकेंद्राचे सगळे कागद छापील, म्हणून या वहीतलं उद्याचं कोरं पान फाडलं.
त्यामुळे ११ फेब्रुवारीचं पान या वहीत नाही.